गाडी मालकाची, गिअर कोणाचा?



गारखेड्यातल्या माझ्या घरापासून बीड बायपास पायी जाण्याच्या अंतरावर आहे. संध्याकाळी तिथल्या एका चहाच्या टपरीवर ट्रकमालकांचा अड्डा जमतो. मालक म्हणजे कोणी शेठ समजू नका. एकाने वाटणीला आलेली दोन एकर विकून गाडी घेतली आहे. दुसऱ्याने दहा वर्षे लोकांच्या गाड्या चालवल्या आणि मग जुनी दहाचाकी घेतली. तिसऱ्याच्या घरी अजून कपाशी आणि ज्वारी आहे. त्याच्याकडे गाडीचा हप्ता कपाशीतून आणि कपाशीचे कर्ज गाडीतून अशी वर्षभर फिरवाफिरव चालते. म्हणजे माणसे आपलीच. फक्त औताऐवजी स्टिअरिंग धरलेली.

गेले वर्षभर या अड्ड्यावर एकच वाद आहे. नवी गाडी घ्यायची तर हातगिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक गिअरची?

तुम्ही म्हणाल, आमच्या कपाशीला भाव नाही, ज्वारीला कोणी विचारत नाही आणि आमचा कार्यकर्ता ट्रकचा गिअर बॉक्स उघडून बसला. पण जिनिंगवाला तुमच्या कपाशीचा भाव सांगतो तेव्हा तो हिशेब कुठून सुरू करतो? पुढे गाठ कितीला जाणार इथून. त्यातून तो गाठीचे भाडे वजा करतो, सरकी-रुईचा उतारा पाहतो, कटती धरतो आणि उरेल तो भाव तुमच्या हातावर ठेवतो. गाव ते जिनिंग हे भाडे तर तुम्ही उघडउघडच देता. ट्रकचा खर्च वाढला की तो मालकाच्या खिशात फार दिवस राहत नाही, घरंगळत आपल्या बांधावर येतो. 2024 च्या जानेवारीत पहिले दोन दिवस ड्रायव्हरांनी चाके थांबवली तेव्हा पेट्रोल पंपांवर कशा रांगा लागल्या ते सगळ्यांनी पाहिले. चाक थांबले की शहराचे पेट्रोल अडते आणि आपला माल अडतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनाला ठरावीक फेऱ्यांतच जोर असतो. चढावर जोर पाहिजे, सपाटीला वेग पाहिजे, म्हणून मध्ये दातांच्या चाकांचा डबा ठेवलेला असतो. तो गिअर बॉक्स. टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर 1954 साली ट्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडचा ड्रायव्हर हा डबा डाव्या हाताने आणि डाव्या पायाने चालवत आला. जुन्या गाड्यांत डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडत नसे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस मिळवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. हे सगळे चढावर, भरल्या गाडीत, दोन श्वासांच्या आत. ज्याला ते जमले तो ड्रायव्हर, बाकीचे क्लीनर.

आता जो ऑटोमॅटिक गिअर ट्रकला येतो त्यात आतली दातांची चाके बहुतेक तीच आहेत. क्लच प्लेटही तीच. फक्त पायाचे आणि हाताचे काम हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणारे दट्टे करतात आणि डोक्याचे काम एक बंद डबी करते. चढ किती, वजन किती, ड्रायव्हरने रेस किती दिली, हे सेन्सर त्या डबीला सांगतात आणि डबी गिअर ठरवते. व्होल्वोने बारा गिअरची अशी पेटी 2001 साली युरोपात आणली. अमेरिकेत ईटन आणि कमिन्स या दोन कंपन्यांनी 2017 मध्ये निम्मी-निम्मी भागीदारी करून जड ट्रकसाठी बारा गिअरची नवी पेटी काढली, तिचे नाव एन्ड्युरंट. (आपल्या वाळूजच्या एन्ड्युरन्स कारखान्याशी नाव जुळते, संबंध काही नाही.) या कंपन्या आपल्याला परक्या नाहीत. कमिन्स पुण्यात किर्लोस्करांबरोबर 1962 सालीच आली आणि ईटनचा कारखाना रांजणगावात आहे. आपल्या देशी ट्रक कंपन्यांनीही काही मोठ्या गाड्यांना असा गिअर देऊ केला आहे. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या मात्र आजही हातगिअरच्याच आहेत.

आता अड्ड्यावरची मते ऐका. शहरातली शहाणी मंडळी समजतात की ट्रकवाला अडाणी, म्हणून नव्या यंत्राला घाबरतो. मी तिथे बसून जे ऐकले त्यात घाबरण्याचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग फार.

गंगापूरकडचे एक मालक, वय पन्नाशीच्या पुढे. ते म्हणाले, "साहेब, माझा डावा गुडघा गेलाय. कन्नडच्या घाटात जाम लागला की चार-चार तास क्लच दाबत-सोडत बसलोय. हे यंत्र वीस वर्षांपूर्वी आलं असतं तर आज पायऱ्या नीट चढलो असतो." या माणसाला नवा गिअर पाहिजे आहे आणि त्याच्या गुडघ्यासमोर माझ्याकडे काही उत्तर नाही.

सिल्लोडचा एक तरुण मालक बरोबर उलट बोलला. त्याची गाडी मक्याची आणि कपाशीची. "डांबरी रोडवर गाडी ठीक चालंल, पण मला शेतात जावं लागतं. काळ्या रानात चाक बसलं तर मी क्लच घेत-सोडत गाडी पुढं-मागं डोलवतो. पायाला कळतं, चाक आता धरतंय का घसरतंय. डबीला काय कळणार रान कोणतं?" त्याचे म्हणणे खोटे नाही. काही गाड्यांत चिखलातून निघण्याचे वेगळे बटण दिलेले असते हे खरे, पण काळ्या मातीत बसलेले चाक कसे काढायचे हे ज्याने बसवले आणि काढले त्यालाच माहीत. जिनिंगच्या आवारात गाडी वीतभर मागे घ्यायची असते तेव्हाही तेच. हातगिअरवाला अर्धा क्लच धरून गाडी मुंगीच्या पावलाने सरकवतो. नव्या गाडीला मुंगीची चाल शिकवलेली असते, पण सवय होईपर्यंत ती एकतर थांबते नाहीतर उडी मारते, अशी तक्रार मी दोघा-तिघांकडून ऐकली.

तिसरे मत उतारावरचे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडून देणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. मग ब्रेक तापतात, लायनरचा वास येतो आणि पुढच्या वळणावर काय होते ते वर्तमानपत्रात छापून येते. नवी गाडी उतारावर गिअर धरून ठेवते आणि इंजिनाचा ब्रेक वापरते. कितीतरी घरांचे कर्ते माणूस यामुळे वाचतील. अड्ड्यावर या मुद्द्याला कोणीच विरोध केला नाही. फक्त एक जण हळूच म्हणाला, "ज्याला न्यूट्रल मारायचं तो बटणानंसुद्धा मारंल."

एक जण म्हणाला, ड्रायव्हर मिळत नाही. जुने ड्रायव्हर थकले, नवी पोरे क्लीनर म्हणून पाच वर्षे काढायला तयार नाहीत. गिअर सोपा झाला तर पोरगा सहा महिन्यांत तयार होईल. लगेच दुसऱ्याने विचारले, "आणि मग त्याला पगार कोण देईल? सोपं काम म्हणून मालक पगार कमी करंल." इथे अड्ड्यावरचे मालक आणि ड्रायव्हर दोन बाकांवर वेगळे झाले.

आणि एक तक्रार अशी होती की ती ऐकून मी वही काढली. बोलणारे गृहस्थ शांत होते. म्हणाले, "गाडीतली डबी सगळं लिहून ठेवते. मी किती माल भरला, किती वेळा क्लच तापवला, कुठं रेस मारली. उद्या गिअर गेला आणि मी कंपनीकडं गेलो तर कंपनी डबी वाचते आणि म्हणते, चूक तुमची, वॉरंटी नाही. ती चोपडी मला वाचता येत नाही. हप्ते मी भरतो, गाडी माझ्या नावावर, आणि गाडी साक्ष देते माझ्याच विरुद्ध." जादा माल भरण्याची बाजू मी घेणार नाही. केंद्राने 2018 च्या जुलैमध्ये दहाचाकीची मर्यादा 25 टनांवरून साडेअठ्ठावीस केली, तेव्हा कायद्यातच थोडी जागा मिळाली. पण आरोपीलाही आपल्यावरचा कागद वाचायला मिळतो. गाडीमालकाला का मिळू नये?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. 2024 च्या नोव्हेंबरात आम्ही पाच शेतकऱ्यांनी मिळून कपाशी गुजरातेत कडीकडे पाठवायचे ठरवले. गावातल्या व्यापाऱ्यापेक्षा तिकडे चार पैसे जास्त सुटतील असा हिशेब होता. शंभराच्या आसपास क्विंटल माल झाला. ठरवलेली गाडी नवी निघाली, ऑटोमॅटिक गिअरची. ड्रायव्हर खूश होता, हात मोकळे ठेवून गाणी ऐकत होता. औट्रम घाट 2023 च्या ऑगस्टपासून खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झालेला, म्हणून गाडी शिऊर बंगल्याकडून वळसा घालून चाळीसगावला निघाली. शिऊरच्या पुढे एका लहानशा चढावर गाडी थांबली ती थांबलीच. इंजिन चालू, हवा भरलेली, डिझेल भरपूर, समोरच्या पडद्यावर एक लाल खूण आणि गिअर पडेना.

वैजापूरहून मिस्त्री बोलावला. जुना माणूस. त्याने गाडीखाली सतरंजी टाकली, बॅटरी लावून पाहिले आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "डबा मला उतरवता येईल, पण बिघाड कुठंय ते मला दिसत नाही. ते फक्त कंपनीच्या लॅपटॉपला दिसतं." लॅपटॉपवाला तिसऱ्या दिवशी आला. त्याने वायर जोडली, अर्धा तास पडद्याकडे पाहिले आणि गिअर बॉक्सवरच्या एका सेन्सरचा जोड काढून, साफ करून पुन्हा बसवला. बस. जोडात ओल गेली होती. जुन्या मिस्त्रीने ते पाहिले. तो काहीच बोलला नाही, पण त्याच्या तोंडाकडे पाहून मला आमच्या विद्यापीठातला एक दिवस आठवला. संकरित बियाण्याविषयी आम्ही पोरे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला समजावत होतो आणि तो हातातल्या घरच्या सरकीकडे पाहत असाच गप्प राहिला होता.

मधल्या रात्री पाऊस शिंतडला. ताडपत्री होती तरी कडेच्या कपाशीने ओल धरलीच. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलावा धरून भाव देतात आणि 12 च्या वर माल घेत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. कडीच्या व्यापाऱ्याने हात घातला, तोंड वाकडे केले आणि कटती लावली. ज्या चार पैशांसाठी गेलो ते चार पैसे शिऊरच्या चढावर राहिले.

आता हिशेब करू, कारण रागावर चळवळ चालत नाही. समजा इथून कडीला सहाशे किलोमीटर आहे आणि भरली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. दीडशे लिटर डिझेल झाले. समजा नव्या गिअरने शेकडा तीन लिटर वाचले. चांगल्या ड्रायव्हरच्या हाती तेवढेही वाचत नाही, कारण हे यंत्र कच्च्या ड्रायव्हरला पक्क्याच्या जवळ आणून ठेवते, पक्क्याला फार पुढे नेत नाही. तरी तीन धरू. साडेचार लिटर म्हणजे नव्वदच्या भावाने चारशे रुपये. शंभर क्विंटलवर वाटले तर क्विंटलला चार रुपये. आता दुसरी बाजू. गाडी तीन दिवस उभी. समजा हप्ता, ड्रायव्हर आणि बुडालेले भाडे धरून दिवसाला पाच हजार. पंधरा हजार झाले, म्हणजे क्विंटलला दीडशे. एका खोळंब्याने सदतीस फेऱ्यांची बचत खाल्ली आणि त्यात ओल्या कपाशीची कटती मी धरलेली नाही.

हातगिअरची गाडी बिघडत नाही असे मी म्हणत नाही. क्लच प्लेट जळते, गिअर अडकतो, क्राऊन-पिनियन तुटते. पण ते बिघाड तालुक्याच्या गावी दुरुस्त होतात. मिस्त्री दहा, भाव दहा, सुटे भाग नवे-जुने दोन्ही. एकाने जास्त मागितले तर दुसऱ्याकडे जाता येते. शिऊरच्या चढावर आम्हाला दुसऱ्याकडे जाता येत नव्हते. यंत्र वाईट होते म्हणून आम्ही अडकलो नाही. त्या यंत्राची भाषा येणारा माणूस एकाच दारात होता, म्हणून अडकलो.

आता कोणी म्हणेल, एवढे आहे तर ऑटोमॅटिकवर बहिष्कार घाला, हातगिअरच बरा. हे मला मान्य नाही आणि का ते माझ्या मूळ विषयातून सांगतो. संकरित ज्वारी सीएसएच-1 ही 1964 ची. कपाशीचा एच-4 हा संकर 1970 चा, सुरतेच्या केंद्रातला. तोपर्यंत ज्वारीचे बी आपल्या कणग्यातले आणि सरकी आपल्या घरची होती. संकर आला आणि बी दरसाल विकत घ्यावे लागू लागले. घरची कला गेली, यात शंका नाही. तरी शेतकऱ्याने संकर घेतला, कारण उतारा डोळ्यांना दिसत होता आणि बी देणारी दारे अनेक होती. जालन्याचे कारखाने होते, 1976 नंतर महाबीज होते, विद्यापीठे होती. एकाचे उगवले नाही तर पुढच्या साली दुसऱ्याचे घेता येत होते. त्यामुळे कला घरातून गेल्याचे दुःख सोसता आले.

बीटीच्या वेळी काय झाले? 2002 मध्ये परवानगी मिळाली. मी तेव्हा कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो होतो आणि बांधावर उभा राहून बीटीच्या बाजूने भांडत होतो. आजही त्याचा पश्चात्ताप नाही. बोंडअळीवरच्या फवारण्या त्या वर्षांत कमी झाल्या हे मी डोळ्यांनी पाहिले. पण दुकानात पाकिटे डझनभर नावांची आणि बहुतेकांच्या आतले जनुक एकाच घरचे. पाकीट निवडायचे स्वातंत्र्य होते, आतल्या मालात निवड नव्हती. 2017 ला गुलाबी बोंडअळीने आमची बोंडे पोखरली तेव्हा दुसरे दार शोधायला गेलो तर दारच नव्हते. ट्रकचेही तेच होऊ घातले आहे. बाहेर नावे पाच-सहा कंपन्यांची, आतली पेटी आणि डबी बनवणारे दोन-चार. म्हणून अड्ड्यावर जेव्हा कोणी म्हणते की एक कंपनी नाही पटली तर दुसरीची गाडी घेऊ, तेव्हा मी बीटीची पाकिटे आठवतो.

अमेरिकेतला अनुभव थोडा पुढचा आहे. तिथे अठरा-अठरा गिअर हाताने टाकणारे ड्रायव्हर होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. नवी पेटी आली तेव्हा त्यांनी नाके मुरडली. बर्फात काय करायचे, गाडी गोदामाला टेकवायची कशी, हेच प्रश्न, फक्त आपल्या काळ्या मातीच्या जागी त्यांचा बर्फ. मोठ्या कंपन्यांनी मात्र झपाट्याने गाड्या बदलल्या, कारण त्यांना ड्रायव्हर मिळत नव्हते. आता तिथे ज्याने परवान्याची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली त्याच्या परवान्यावर हातगिअरचा जड ट्रक चालवायला मनाई असे लिहिलेले असते. एकदा का नवी पिढी अशी तयार झाली की परतीचा रस्ता राहत नाही. आपल्याकडे आणखी दहा-पंधरा वर्षांनी तेच होईल असे मला वाटते. म्हणून जे मागायचे ते आजच, गाड्या थोड्या आहेत तोवर, मागायला हवे.

काय मागायचे त्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मतदान करून ठरवले की गाडी दुरुस्तीची माहिती कंपनीच्या बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजे. ट्रॅक्टरच्या बाबतीत तिथले शेतकरी वर्षानुवर्षे भांडले आणि 2025 च्या जानेवारीत तिथल्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने जॉन डिअरवर खटला भरला, तो याच मुद्द्यावर: बिघाड शोधण्याची पूर्ण किल्ली फक्त अधिकृत विक्रेत्याकडे का? आपल्या देशातही हा प्रश्न नवा नाही. स्पर्धा आयोगाने 2014 च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपये दंड लावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, ते असो. पण तो निकाल कारवाल्यांचा होता. ट्रकवाल्याचे आणि ट्रॅक्टरवाल्याचे म्हणणे त्यात कोणी मांडले नव्हते.

केंद्राच्या ग्राहक विभागाने 2022 च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. त्यात चार क्षेत्रे घेतली: शेतीची अवजारे, मोबाइल, घरातली यंत्रे आणि वाहने. शेतीची अवजारे पहिल्याच यादीत आहेत हे आपल्या किती जणांना माहीत आहे? पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वखुशीने चार ओळी टाकल्या की पोर्टलचे काम झाले. आम्हाला चार ओळी नकोत. लाल खुणेचा अर्थ सांगणारे पुस्तक मराठीत पाहिजे, बिघाड वाचणारे यंत्र वाजवी किमतीत कोणत्याही मिस्त्रीला विकत मिळाले पाहिजे, आणि गाडीने मालकाविषयी जे लिहून ठेवले ते मालकाला मागितल्याबरोबर मिळाले पाहिजे. मायबाप सरकारकडून अनुदान मागू नका. नव्या ट्रकवरचा जीएसटी 2025 च्या सप्टेंबरात 28 वरून 18 टक्क्यांवर आला, एसी केबिन त्याच वर्षी सक्तीची झाली. हे होत राहील. सक्ती करायची हौसच असेल तर ती दुरुस्तीच्या माहितीची करा.

आणि एक काम सरकारशिवाय होण्यासारखे आहे. शिऊरचा तो मिस्त्री मी पुन्हा गाठला. त्याला विचारले, शिकवले तर शिकाल का? तो म्हणाला, "माझं वय गेलं, पण पोरगा आयटीआयला आहे. तिथं अजून जुन्याच इंजिनावर शिकवतात." बीएस-सहाच्या गाड्या 2020 च्या एप्रिलपासून रस्त्यावर आहेत. ट्रकवाले आता डिझेलबरोबर 'युरिया'ही भरतात, म्हणजे धूर स्वच्छ करणारे युरियाचे पाणी, आणि ते संपले की गाडी जोर सोडते. (युरियासाठी रांगेत उभे राहायची सवय आपल्याला होतीच, आता त्यांनाही लागली.) हे सगळे दुरुस्त करणारी पोरे तालुक्याच्या गावी तयार झाली नाहीत, तर उद्या तुमचा ट्रॅक्टरही पेरणीच्या ऐन वाफशावर लॅपटॉपवाल्याची वाट पाहत धुऱ्यावर उभा राहील. ट्रॅक्टरांतही डब्या बसू लागल्याच आहेत.

गंगापूरच्या त्या गृहस्थांनी अखेर नव्या गिअरची गाडी नोंदवली. गुडघ्याने निकाल दिला. मी त्यांना एवढेच सांगितले की सही करण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: सर्वांत जवळचा लॅपटॉप कोणत्या गावी आहे, गाडी रस्त्यात उभी राहिली तर किती तासांत माणूस येईल, आणि डबीतली नोंद मालकाला दाखवणार की नाही. विक्रेत्याने पहिल्या दोन्हींची उत्तरे तोंडी दिली. तिसऱ्याला तो म्हणाला, असे आजवर कोणी विचारले नाही.

येत्या जिल्हा बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांच्या घरात ट्रक, टेम्पो किंवा गेल्या पाच वर्षांतला ट्रॅक्टर आहे त्यांनी वॉरंटीचे कागद बरोबर आणावेत, बारीक अक्षरातले पानसुद्धा. ते आपण तिथे बसून मोठ्याने वाचू. ट्रकवाल्या भावांनाही निरोप द्या. बायपासच्या अड्ड्याला मी सांगितले आहे, तिथून पाच-सहा जण येतो म्हणाले आहेत आणि तो वैजापूरचा मिस्त्री पोराला घेऊन येणार आहे.